मेजर रसायनशास्त्र, मायनर नीतिशास्त्र : तालुक्याच्या कॉलेजात जमेल का?

काळी_माती

मंडळी, सल्ला पाहिजे. भाची यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. मेजर, म्हणजे मुख्य विषय, रसायनशास्त्र, त्यात वाद नाही. वाद मायनरवरून, म्हणजे सोबतच्या दुय्यम विषयावरून पेटलाय. तिला तत्त्वज्ञान घ्यायचंय, आणि त्यातही ओढा सगळा नीतिशास्त्राकडे. भाऊजी म्हणतात गणित घे, नाहीतर कॉम्प्युटर घे, पण हे खूळ डोक्यातून काढ. ताई कधी इकडे, कधी तिकडे. मला मध्यस्थ केलंय, कारण घरात मी एकटाच एम.ए. झालेला, तेही मराठीत.

तिच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा विभागच नाही. वरून एका सरांनी "सायन्सवाल्यांना आर्ट्सचा विषय मिळत नसतो" म्हणून तिला परत पाठवलं. हे खरं आहे का? आणि मिळाला तरी त्याचं पुढे काय होतं, हे भाऊजींना पटेल अशा भाषेत कोणी सांगेल का? भाऊजी कपाशीवाले, कोरडवाहू शेती. त्यांना "व्यक्तिमत्त्व विकास" वगैरे सांगू नका, त्यांच्या आधी मीच उठून जाईन.

वणीकर_हिंजवडीत

भाऊजींशी सहमत. मायनर पोटापाण्याचं असावं. नीतिशास्त्र काय, रिटायर झाल्यावरही वाचता येतं.

अभ्यासिका_क्र_४

वणीकर, तुमच्या माहितीसाठी : यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचाच आहे, २५० गुणांचा. निम्मा पेपर केस स्टडीचा. "तुम्ही जिल्हाधिकारी आहात, समोर असा असा पेच आहे, काय कराल आणि का" असे प्रश्न. २०२५ पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्यही वर्णनात्मक झाली, तिथेही हा पेपर आलाय. आमच्या अभ्यासिकेत पोरं क्लासच्या नोट्स पाठ करतात आणि प्रत्येक उत्तरात तेच ते सचोटी, करुणा, वस्तुनिष्ठता कोंबतात. ज्यानं कॉलेजातच कान्ट आणि मिल हे तत्त्वज्ञ नीट वाचलेत त्याचं उत्तर वेगळं दिसतं. भाऊजींना हे सांगा, पोटापाण्याचंच आहे.

वणीकर_हिंजवडीत

म्हणजे शेवटी स्पर्धा परीक्षाच. विदर्भातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर स्पर्धा परीक्षा.

अभ्यासिका_क्र_४

तुम्हाला नोकरी लागली म्हणून हसता येते भाऊ.

क्रेडिटचा_कारकून

भांडण थांबवा, नियम सांगतो. मी एका कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाचं समन्वयाचं काम पाहतो, त्यामुळे हेच दिवसभर सांगत असतो.

सरांनी सांगितलं ते जुन्या पद्धतीत बरोबर होतं. आता नाही. महाराष्ट्र शासनाचा २० एप्रिल २०२३ चा निर्णय काढून वाचा. मायनर विषय मेजरच्याच विद्याशाखेतला असू शकतो किंवा पूर्ण वेगळ्या विद्याशाखेतला. म्हणजे रसायनशास्त्रासोबत तत्त्वज्ञान कागदावर चालतं. मायनरला तीन वर्षांत मिळून १८ ते २० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं माप). शिवाय ओपन इलेक्टिव्ह म्हणून जे १० ते १२ क्रेडिट असतात ते तर मेजरच्या बाहेरच्याच विद्याशाखेतून घ्यावे लागतात, सक्तीनं. सायन्सवाल्या पोरीला तिथे मानव्यशाखेचा पेपर घ्यायला कोणी मनाई करू शकत नाही. स्वायत्त कॉलेजांत हे २०२३-२४ ला आलं, बाकी सगळीकडे २०२४-२५ ला.

अडतं ते माणसापाशी. विभाग नाही, शिक्षक नाही, तर शिकवणार कोण? ग्रामीण कॉलेजात मायनरची यादी म्हणजे आपल्याकडे जे प्राध्यापक आहेत त्यांची यादी. मग वनस्पतीशास्त्रवाल्याला प्राणिशास्त्र, रसायनवाल्याला भौतिक, झालं. यातून वाट काढायची तर केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम् पोर्टल आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून आणता येतात. आयआयटीच्या प्राध्यापकांचे नीतिशास्त्राचे कोर्स त्यावर असतात, व्हिडिओ फुकट, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. पण नाव नोंदवायच्या आधी कॉलेजकडून लेखी घ्या की हे क्रेडिट आम्ही गुणपत्रिकेत धरू. तोंडी "हो हो, बघू" वर जाऊ नका. पोर परीक्षा पास होते आणि क्रेडिट कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, असं होताना पाहिलंय.

दुसरी वाट म्हणजे दोन पदव्या. एप्रिल २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. नियमित बी.एस्सी. चालू ठेवून इग्नू या मुक्त विद्यापीठातून तत्त्वज्ञानात बी.ए. करता येईल. नागपूरला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. अभ्यास दुप्पट होतो हे लक्षात ठेवा. बी.एस्सी.चे प्रॅक्टिकल आणि तिकडचे स्वाध्याय एकाच महिन्यात अंगावर येतात.

ॲग्रीवाला_अकोला

कृषीच्या पोरांनी हे वाचून हुरळून जाऊ नये. बी.एस्सी. ॲग्रीला हा मेजर-मायनरचा साचा लागू नाही. आमचा अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींवर चालतो. आमच्या वेळी मानवी मूल्यं आणि नीती असा एक क्रेडिटचा पेपर होता, जो कोणी मनावर घेत नव्हतं. घेणाऱ्यानंही आणि देणाऱ्यानंही.

गुरुकुंजाचा_वाटसरू

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. ज्या मातीत गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेतली, तिथे पोरीनं नीती शिकायला कान्टकडे का जावं? नीती घरातून येते, संगतीतून येते. तीन वर्षं पेपर लिहून कोणी नीतिमान झाल्याचं ऐकिवात नाही. उलट जास्त शिकलेला माणूस स्वतःच्या चुकीला जास्त चांगली कारणं शोधतो.

निवृत्त_अमरावती

वाटसरू, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे, आणि मी आयुष्यभर हाच विषय शिकवला. नीतिशास्त्राचा पेपर सोडवून माणूस चांगला होत नाही. तसं आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्या वर्गात बसू नये.

पण गाडगेबाबांचीच गोष्ट घ्या. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. देव कुठे आहे, कर्ज काढून तेरवी कशाला करता, बोकड कापून नवस फेडता तो देव कसला? समोरच्याला विचारायचं, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं आणि ते त्याच्यावरच उलटवायचं. घरातून आलेल्या नीतीला भर सभेत उभं करून जाब विचारणं हे जर नीतिशास्त्र नसेल तर मग मी काय शिकवत होतो? घरातून करुणा येते तशी अस्पृश्यताही घरातूनच येत होती. संस्कारांपैकी कुठले ठेवायचे आणि कुठले टाकायचे, हे ठरवायला संस्कारांच्या बाहेर दोन पावलं येऊन उभं राहावं लागतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी जे केलं, ते दुसरं काय होतं?

आणि ही परंपरा इथली आहे, परक्या मुलखातून आणायची गरज नाही. दि. य. देशपांडे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. १९९० साली त्यांनी नागपुरातून जे मासिक काढलं ते पुढे 'आजचा सुधारक' म्हणून चाललं. स्फूर्ती आगरकरांची, आणि आगरकरही शाळेला अकोल्यातच होते. विवेकानं नीती तपासायची, शुद्ध मराठीत, आणि तीही पानपट्टीवर वाद घालता येईल इतकी सोपी करून, हे काम विदर्भात झालेलं आहे.

काळी_माती, तुमच्या भाचीबद्दल मला एकच विचारायचंय. तिला रसायनशास्त्र सोडायचं नाहीये ना? नसेल तर तिची निवड उत्तम आहे. नुसत्या तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी मी खूप पाहिले. हुशार असतात, पण उदाहरण द्यायची वेळ आली की सगळे त्याच त्या ट्रॉलीच्या रुळावर जाऊन उभे राहतात. सुटलेली ट्रॉली, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, कोणाला वाचवायचं? रसायन शिकलेल्या पोरीकडे स्वतःची उदाहरणं असतील.

औषधवाला_भाऊ

उदाहरण पायजे ना सर, मी देतो. माहं कृषी केंद्र आहे. लिहाले बसत नाई मी, पण हे वाचून रायवलं नाई.

२०१७ चं साल आठवते ना सगळ्याईले? त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. हवा दमट, किडीचा जोर. गडी हात वर करून फवारत होते अन् सगळा फवारा तोंडावर, छातीवर. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच पंपात. यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकड्यानं दवाखान्यात भरती झाली, कोणाची नजरच गेली काही दिवस. त्यातले लय जण दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारणारे होते. नावावर सातबारा नाई, म्हणून शेतकरी अपघात विम्यात बी बसत नव्हते.

आता पोरीले माहा सवाल. गिऱ्हाईक येते अन् म्हणते, "हे द्या, अन् त्याच्यासंगं थे बी द्या, दोन्ही एकातच मारतो, मजुरी वाचते." मले मालूम आहे का हे दोन मिसळायचे नसतात. मी नाई म्हणलं त थो समोरच्या दुकानात जाते. थो देते. गडी दुसऱ्या दिवशी तेच फवारते. मंग माह्या नाई म्हणण्यानं भलं कोणाचं झालं? माहं गिऱ्हाईक गेलं, मागची उधारी बुडाली, अन् गड्याचं काहीच वाचलं नाई. हे तुमच्या शास्त्रात सुटत असन त सांगा. माह्या पोराले बी तोच विषय घेऊन देतो.

वणीकर_हिंजवडीत

हा खरा प्रश्न आहे. मीही आता उत्तराची वाट पाहतोय.

निवृत्त_अमरावती

भाऊ, तुमचा सवाल पुस्तकात आहे, आणि गंमत म्हणजे त्यातला नायकही रसायनवालाच आहे. बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७३ साली मांडलेलं हे उदाहरण. जॉर्ज रसायनशास्त्रात पीएच.डी. झालाय. नोकरी नाही, प्रकृती नाजूक, लहान मुलं, सगळा भार बायकोवर. एक ज्येष्ठ मित्र सांगतो, रासायनिक आणि जैविक युद्धावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत जागा आहे, चांगला पगार आहे. जॉर्ज म्हणतो मला हे पटत नाही. मित्र म्हणतो, तू नाही घेतलीस तर जागा रिकामी राहणार नाही, दुसरा येईल, आणि तो तुझ्यापेक्षा जास्त हिरिरीनं काम करेल. तू घेतलीस तर निदान ते काम रेंगाळेल.

परिणाम मोजून निर्णय घ्या म्हणणारा उपयुक्ततावादी जॉर्जला सांगेल, नोकरी घे. गणित सरळ आहे. विल्यम्सचं म्हणणं असं की गणित बरोबर असेलही, पण त्यात जॉर्ज कुठे आहे? हे काम माझ्या हातून होणार नाही, या वाक्याला त्या हिशेबात जागाच नाही. माणूस म्हणजे नुसता पाइप नव्हे, ज्यातून परिणाम इकडून तिकडे वाहतात.

हे तुमचं उत्तर झालं का? नाही झालं. पण तुमचा सवाल दोन तुकड्यांत फुटला. एक, परिणाम काय होईल. दोन, माझ्या हातून काय व्हावं. पहिल्या तुकड्यात तुम्ही एक गोष्ट पक्की धरून चाललाय की समोरचा देणारच. दर वेळी देतो का? तुमच्या नकारानंतर गिऱ्हाईक थोडं तरी बिचकतं का? तालुक्यातल्या दुकानदारांनी मिळून ठरवलं तर? हे नीतीचे प्रश्न नाहीत, वस्तुस्थितीचे आहेत, आणि ते दुकानात बसणारा माणूसच शोधू शकतो. दुसरा तुकडा मात्र गिऱ्हाइकाच्या हिशेबानं सुटत नाही. तो तुमचा आहे.

औषधवाला_भाऊ

बिचकते. दहातला एखादा बिचकते. बाकीचे जाते.

जंगलाकडचा

प्राणिशास्त्रवाल्यांसाठी पण एक उदाहरण टाकतो, कारण मी राळेगाव भागातला. टी-१ वाघीण. तिनं तेरा माणसं मारल्याचं सांगत होते, २ नोव्हेंबर २०१८ ला बोराटीच्या जंगलात गोळी घातली. शहरांत मोर्चे, मेणबत्त्या. आमच्याकडे फटाके फुटले. दोन्हीकडच्या लोकांना आपण अगदी बरोबर आहोत असं वाटत होतं.

तेव्हा टीव्हीवर जे कोणी बोलत होते त्यातल्या निम्म्यांना वाघ कळत नव्हता आणि उरलेल्यांना गाव. एक वाघीण महत्त्वाची की वाघांची एकूण संख्या? तिच्या बछड्यांचं काय? जी माणसं सरपणाला, गुरं चारायला जंगलात जातात, त्यांनी जाऊ नये म्हणायचं तर चूल कशावर पेटवायची? आणि मुळात तेराही मृत्यू तिचेच होते का, हे डीएनए आणि कॅमेरा ट्रॅपशिवाय कसं ठरणार? यात कुठे प्राणिशास्त्र संपतं आणि कुठे नीतिशास्त्र सुरू होतं ते मला कोणी दाखवा. वनखात्यात दोन्ही शिकलेला माणूस असता तर निकाल तोच लागला असता कदाचित, पण लोकांशी बोलणं तरी धड झालं असतं.

सेवाग्राम_रोड

नोकरीचं विचारलंय कोणीतरी, म्हणून लिहिते. मी आरोग्य क्षेत्रात सामाजिक कामावर आहे.

माणसांवर औषधाची चाचणी करायची असेल तर आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. २०१९ च्या नव्या औषध आणि चाचणी नियमांप्रमाणे या समितीत किमान सात सदस्य, आणि निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे. डॉक्टर असतात, कायद्याचा माणूस असतो, एक सामान्य नागरिक असतो. आणि एक जागा अशी आहे जिच्यासाठी नियमात समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांच्यासोबत तत्त्वज्ञ, नीतिशास्त्रज्ञ, धर्मशास्त्रज्ञ असे शब्द लिहिलेले आहेत. तत्त्वज्ञाला कायद्यानं खुर्ची दिलेली अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. पूर्ण वेळची नोकरी नाही ही, पगारावर जाऊ नका. पण त्या खुर्चीवर विज्ञान समजणारी बाई बसली तर संमतीपत्रकातली भाषा बदलते. "मला सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत" या वाक्याखाली अंगठा कसा उमटतो ते मी पाहिलंय. त्या बाईला सांगितलेलं असतं, इथे सही कर, गोळ्या फुकट मिळतील.

एम.बी.बी.एस.ला २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग अभ्यासक्रमातच आहे. वकिलीला व्यावसायिक नीतीचा पेपर सक्तीचा आहे. पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला, मग विषय रसायन असो की संगीत, संशोधन नीतीचा दोन क्रेडिटचा पेपर करावाच लागतो, आणि त्याचं पहिलं प्रकरण तत्त्वज्ञानाचंच. हे सगळं शिकवणार कोण? बहुतेक ठिकाणी ज्याचा तास रिकामा आहे तो.

झाडीपट्टी

गडचिरोलीतून एक भर. सर्च ही आरोग्याचं काम करणारी संस्था १९८६ पासून इथे आहे. गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून त्यांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा दिलं, आणि बालमृत्यू उतरले. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे देशभर धोरण झालं. आता विचार करा. कमी शिकलेल्या बाईनं सुई टोचावी का? डॉक्टर येणारच नसेल तर न टोचणं जास्त अनैतिक नाही का? आणि परिणाम मोजायचा म्हणजे काही गावांत ही सेवा दिली आणि काही गावं तुलनेसाठी ठेवली. त्या तुलनेच्या गावांना आपण काय देणं लागतो? एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या वर्गात "कंट्रोल ग्रुप" दोन मिनिटांत शिकवून होतो. त्या दोन शब्दांवर नीतिशास्त्राचं अख्खं सत्र जाऊ शकतं.

आणि आमच्याच जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. कमी लोकांना हे माहीत असतं की तिथे ग्रामसभेत बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरवतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेत. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास गट बसतो, नुसती चर्चा करायला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो या सवयीच्या जोरावर. राज्यशास्त्र मेजर आणि नीतिशास्त्र मायनर करणाऱ्यानं तिथे जाऊन शांत बसून ऐकावं. फोटो काढायला येणारे खूप झाले.

गुरुकुंजाचा_वाटसरू

सरांनी गाडगेबाबांचं सांगितलं ते डोक्यात राहिलं. तरी एक शंका आहेच. प्रश्न विचारायला शिकलेली पोरं उत्तर देण्याची जबाबदारी टाळतात. "याला दोन बाजू आहेत" एवढं बोलून मोकळी.

निवृत्त_अमरावती

खरं आहे. म्हणून परीक्षेत मी "दोन्ही बाजू लिहा" असा प्रश्न कधीच काढला नाही. एक बाजू घ्या आणि तिच्याविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप खोडून दाखवा, असा काढायचो. पोरं कुरकुर करायची.

भाची_बोलतेय

नमस्कार. मामांनी धागा दाखवला. सगळं वाचलं. मी कशासाठी हा विषय मागतेय ते मीच सांगते, कारण मामा ते "ओढा" वगैरे लिहून गेले.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. तो रंग कशावरून ठरतो? एलडी-५० वरून. म्हणजे प्रयोगातल्या जनावरांपैकी निम्मी मरतील एवढा डोस, शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम. तोंडावाटे १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या वर हिरवा. वर्गात हे पाच मिनिटांत झालं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक शरीरातलं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) कसं बंद पाडतं, उतारा म्हणून ॲट्रोपिन का देतात, हेही झालं. मी विचारलं, सर, गडी औषध पीत नाही, त्याच्या पाठीवरून ओघळतं, मग मोठ्या अक्षरात उंदरानं तोंडावाटे घेतलेला आकडा कशाला? सर म्हणाले कातडीवाटेही मोजतात, त्याचाही तक्ता आहे. मग मी विचारलं, तो तक्ता गड्याला कोण सांगतो? सर म्हणाले, हा रसायनशास्त्राचा प्रश्न नाही.

बरोबर आहे त्यांचं. मग तो ज्या विषयाचा आहे तो विषय मला पाहिजे. एवढंच आहे.

बाबांना गणितच पाहिजे असेल तर मी ओपन इलेक्टिव्हला नीतिशास्त्र घेईन आणि मायनरला गणित. पण मग बी.एस्सी.नंतर मी तत्त्वज्ञानात एम.ए. करणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

क्रेडिटचा_कारकून

ताई, ते होतं. इग्नूत तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. पुढे ५५ टक्के पडले आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा झाली तर प्राध्यापक होता येतं, बी.एस्सी. आड येत नाही. फक्त तुमचं इलेक्टिव्हचं गणित जुळत नाही : ओपन इलेक्टिव्हलाही शिकवणारा माणूस लागतोच. तुमच्या कॉलेजात तो नाही. तेव्हा स्वयम्‌चा अर्ज आणि प्राचार्यांची लेखी संमती, दोन्ही आत्ताच हातात घ्या. सत्र सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

निवृत्त_अमरावती

बेटा, तुझ्या सरांवर रागावू नकोस. त्यांनी नकळत तुला ह्यूम शिकवला. डेव्हिड ह्यूम अठराव्या शतकात म्हणून गेला की 'आहे' अशा कितीही वाक्यांवरून 'करावं' असं एकही वाक्य आपोआप निघत नाही. "याचा एलडी-५० तीस आहे" हे 'आहे'. "हे रोजीच्या माणसाच्या हातात देऊ नये" हे 'करावं'. मधली पायरी कुणीतरी घालावी लागते : त्या माणसाच्या जिवाचं मोल किती धरायचं. ती पायरी प्रयोगशाळेत सापडत नाही. पण तीस हा आकडा ठाऊक नसेल तर पायरी घालूनही उपयोग नाही. म्हणून तर मेजर आणि मायनर.

मराठीत वाचायला काही पाहिजे असेल तर मला व्यक्तिगत निरोप कर. टपालानं पाठवीन.

काळी_माती

भाऊजींना औषधवाल्या भाऊंचा सवाल वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मंग यायनं उत्तर काय देल्लं?" सरांचं उत्तर वाचलं. म्हणाले, "हे उत्तर नाई झालं." मी म्हटलं, सर पण तेच म्हणतात. गणिताचा आग्रह अजून आहे. पण खूळ हा शब्द आज वापरला नाही.

औषधवाला_भाऊ

पोरीचं वाचलं. त्रिकोण मी रोज पायतो, पण थो उंदराचा आकडा आहे हे मले आज समजलं. परवाना आहे, ट्रेनिंग बी झालं होतं, तिथं रंग सांगतले, आकडा कशाचा थे नाई सांगतलं.

बाई, तू एक काम कर. कातडीवाला तक्ता म्हणून राहिली ना, थो मराठीत एका कागदावर लिहून दे, जे औषधं आपल्या इकडे चालतात त्याईचाच. काउंटरवर लावतो. समोरचा लावते का नाई थे पाहू.

भाची_बोलतेय

देते काका. पण कुठली औषधं चालतात ती यादी तुम्ही द्या. आणि कोणती दोन लोक मिसळून मागतात, तेही लिहा.

औषधवाला_भाऊ

थे यादी लंबी आहे. रविवारी बसतो लिहाले, दुकान बंद असते.